सायकल आणि सबबी

मनुष्याने सायकल कशी शोधून काढली याचा इतिहास कोणत्याही बऱ्या विश्वकोशात सापडतो; परंतु सायकल दारात उभी असताना तिच्यावर बसावे अशी इच्छा त्याने कोठून पैदा केली, आणि पैदा केल्यावर ती दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत कशी ठेवली, याविषयी विश्वकोशकारांनी चार ओळी खर्च केल्याचे माझ्या वाचनात नाही. याचे कारण उघड आहे. आरंभीची कित्येक वर्षे हा प्रश्न कोणास पडलाच नव्हता. जर्मनीतील बाडेन संस्थानच्या जंगलखात्यातील कार्ल द्राइस नावाच्या अधिकाऱ्याने १८१७ साली दोन चाकांवर एक लाकडी दांडी बसवून, तीवर स्वार होऊन, पायांनी जमीन मागे लोटीत मानहाइम गावाबाहेर जी पहिली रपेट केली, ती काही त्याने प्रकृतीसाठी केली नव्हती. इंडोनेशियातील तांबोरा नावाचा ज्वालामुखी १८१५ साली फुटला, त्याच्या धुरळ्यामुळे पुढील वर्षी युरोपास उन्हाळाच लाभला नाही, पिके बुडाली, घोड्यांच्या तोंडचा ओट महागला, आणि म्हणून द्राइससाहेबास बिनचाऱ्याचे वाहन सुचले, असे काही इतिहासकारांचे अनुमान आहे. ते खरे असेल तर पहिल्या सायकलस्वारास घराबाहेर काढण्याकरिता एका ज्वालामुखीस फुटावे लागले, असे म्हणणे प्राप्त होते, आणि माझ्यासारख्याच्या आळसास याहून भक्कम ऐतिहासिक आधार मिळणे कठीण. ज्या सह्याद्रीच्या आसऱ्याने आमचे वराळे गाव वसले आहे तो सह्याद्रीही सारा लाव्हारसाचाच. परंतु तो निवून सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली असल्याने त्याच्याकडून आता या बाबतीत काही अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे सायकल आली ती नवलाची वस्तू म्हणून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे लोखंडी नांगर केले, त्यांच्या नावाची वाडी वसली, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु या सगळ्या उद्योगाचे मूळ बेळगावातील १८८८ सालच्या एका सायकलींच्या दुकानात आहे, हे थोड्यांच्या ध्यानी असते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडाव्या आणि बंधू रामूअण्णांनी त्या बेळगावात विकाव्या, विकत घेणाऱ्यास त्या चालवावयास शिकवाव्या आणि या शिकवणीचे पैसे निराळे घ्यावे, असा तो व्यवहार होता. ज्याने सायकलीचे पैसे दिले, शिवाय पडण्याचेही पैसे दिले, तो गृहस्थ वेशीपर्यंत जाऊन आल्यावाचून कसा राहील?

पुण्याचे तर विचारावयासच नको. गेल्या शतकाच्या मध्यावर ते सायकलींचे शहर म्हणून देशभर ओळखले जाई, आणि प्रोफेसर, कारकून, भिक्षुक, शिंपी, परिचारिका, दूधवाले व कॉलेजातील तरुण ही सर्व मंडळी तेथे एकाच उंचीवरून जगाकडे पाहात. सायकलीवर कर असे. तो भरल्याचा बिल्ला नसला तर सायकल अडविली जाई. रात्री दिवा नसला किंवा मागे-पुढे एखादा मित्र बसलेला आढळला तर कोपऱ्यावरचा शिपाई नेमका त्याच दिवशी कर्तव्यदक्ष असे. इतका कर, इतक्या अटी आणि इतका बंदोबस्त असूनही लोक सायकली चालवीत. आज कर नाही, बिल्ला नाही, दिव्याची चौकशी नाही, तरीही एका धडधाकट इसमास सायकलीवर बसविण्यासाठी दोन व्याख्याने, एक पदयात्रा आणि एका नटाचे छायाचित्र एवढा सरंजाम लागतो. त्या काळी कोणी कोणास 'आपणांस सायकल चालविण्याची प्रेरणा कोठून मिळते?' असे विचारले नाही. विचारले असते तर 'कचेरीच्या घड्याळाकडून' असे उत्तर मिळाले असते. पुढे १९७२ साली फिरोदियांनी लूना रस्त्यावर आणली. लूनेस पायडले होती, ही त्या यंत्राची मोठीच सभ्यता म्हटली पाहिजे. पेट्रोल संपले म्हणजे ती मारावयाची आणि एरवी त्यांवर पाय ठेवून पूर्वजन्माची आठवण काढावयाची. तिच्यामागून पायडलांची भीड न बाळगणारी वाहने आली, सायकल जिन्याखाली गेली, आणि गरज वारली. तिच्या तेराव्याच्या दिवशी प्रेरणा जन्मास आली, असे माझे मत आहे. आणि तेव्हापासून या मुलीस कोणी ना कोणी सारखे कडेवर घेऊन हिंडवावे लागते, खाली ठेवली की ती रडते.

आता आमच्या गावाविषयी. वराळे हे मावळ तालुक्यातील, तळेगाव दाभाडे स्टेशनाच्या उत्तरेस, इंद्रायणीच्या अंगचे गाव. एकीकडे भातखाचरे, दुसरीकडे अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि त्याच्या आश्रयाने वाढलेल्या विद्यार्थ्यांच्या खोल्या, खाणावळी व झेरॉक्सची दुकाने, नदीपलीकडे आंबी आणि नवलाख उंबरे यांच्या बाजूस औद्योगिक वसाहत. अशा या गावच्या रस्त्यावर सकाळच्या प्रहरी दोन प्रकारचे सायकलस्वार दृष्टीस पडतात. पहिल्या प्रकारात पाळीवर निघालेले परप्रांतीय कामगार, रात्रीचा पहारा संपवून परतणारे वॉचमन आणि वर्तमानपत्रे टाकणारी मुले येतात. दुसऱ्या प्रकारात रविवारी पिंपरी-चिंचवडाकडून लोणावळ्याच्या रोखाने जाणारे, अंगासरशी बसणाऱ्या भडक पोशाखातील, डोक्यास शिरस्त्राण व डोळ्यांस काळी काच लावलेले सद्गृहस्थ येतात. पहिल्या वर्गास सायकलीवाचून गत्यंतर नाही, दुसऱ्या वर्गास सायकलीचे कारण नाही. पहिला वर्ग सायकलीवरून उतरण्याची स्वप्ने पाहतो, दुसरा वर्ग सायकलीवर बसल्याची छायाचित्रे. मी यांपैकी कोणत्याच वर्गात मोडत नाही. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेला, आणि कंबरेचा घेर व रक्तातील साखर या दोन्ही बाबी अखेरच्या शिलकेत वाढत्या दाखविणारा मी एक साधा रहिवासी आहे. आणि डॉक्टरांनी मला 'रोज सायकल चालवा' असा हुकूम दिलेला आहे.

हुकूम होणे निराळे आणि त्याची अंमलबजावणी होणे निराळे, हे ज्याने सारी हयात शासकीय दप्तरात काढली त्यास समजावून सांगण्याचे कारण नाही. पहाटे पाच वाजता गजर होतो आणि 'आज भंडारा डोंगरापर्यंत जाऊन यावे' अशी दरखास्त देहाच्या कचेरीत दाखल होते. ती प्रथम डोळ्यांकडे जाते. डोळे तीवर 'मुदतवाढ मिळावी' असा शेरा मारून ती गुडघ्यांकडे वर्ग करतात. उजवा गुडघा आपली जुनी दुखापत सविस्तर नमूद करून हरकत नोंदवितो. डावा गुडघा खाली 'वरीलप्रमाणे' एवढेच लिहून सही करतो. कानांकडे हवामानाचे खाते आहे; ते बाहेरची चाहूल घेऊन पावसाचा अहवाल सादर करतात, आणि प्रत्यक्ष पाऊस नसेल तर शेजारच्या घरची पाण्याची टाकी भरून वाहत असल्याच्या आवाजासही पाऊस मानण्याची त्यांस मुभा आहे. मग प्रकरण पाठीपुढे येते. पाठ हे आमच्याकडील सर्वांत जुने खाते. ती सहसा नकार देत नाही, फक्त 'यापूर्वी अशाच एका प्रकरणी काय घडले होते ते पाहावे' असे सुचविते, आणि ते पाहण्याकरिता कूस बदलावी लागते. विवेक हा आमचा मामलेदार. गृहस्थ सज्जन आहे, परंतु त्याची बदली नेहमी आदल्या रात्रीच झालेली असते. पहाटे खुर्ची रिकामी असते आणि चार्ज पोटाकडे असतो. पोट सर्व कागद चाळते, 'चहानंतर विचार व्हावा' असा हुकूम करते आणि प्रकरण तहकूब होते. चहानंतर ऊन येते, आणि ऊन आले म्हणजे मूळ दरखास्त मुदतबाह्य ठरून निकाली निघते. या सगळ्या कारभारात कोणत्याही टप्प्यावर बेकायदा असे काही घडत नाही, हे मी मुद्दाम नमूद करू इच्छितो.

प्रेरणा विकत मिळते असे मानणारा एक मोठा पक्ष आहे, आणि त्या पक्षाचे बहुतेक पुढारी सायकलींचे दुकानदार आहेत. अशाच एका दुकानातून मी पुष्कळ गिअरांची सायकल आणली. ती इतकी हलकी की एका हाताने उचलता यावी, आणि इतकी महाग की अंगणात ठेवण्याचा धीर होऊ नये. म्हणून ती माडीवर ठेवण्यात आली, आणि ती खाली आणणे व वर नेणे यांत जो व्यायाम होई तो डॉक्टरांच्या हुकुमाची अंशतः पूर्तता समजण्यात येऊ लागला. तिला स्टँड नव्हता, कॅरिअर नव्हते, घंटी नव्हती, मडगार्ड नव्हते. या सर्व वस्तू काढून टाकण्याबद्दलच एवढी किंमत आकारली जाते, असे दुकानदाराच्या बोलण्याचा रोख पाहून माझे मत झाले. मावळातील पावसात मडगार्ड नसलेल्या सायकलीचे मागील चाक रस्त्यावरचा चिखल उचलून स्वाराच्या पाठीवर कंबरेपासून मानगुटीपर्यंत एक सरळ रेघ ओढते. पांढऱ्या सदऱ्यावर ती इतकी रेखीव उमटते की मोजणी खात्याच्या भूकरमापकानेही मान डोलवावी. एकदा तिच्या चाकातील हवा कमी वाटली म्हणून स्टेशनाजवळच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने वाकून पाहिले, पंपाची नळी लावून पाहिली, काढली, आणि मोठ्या सहानुभूतीने म्हणाला, "काका, ह्यो वॉल आपल्याकडं नाय बसत. लई बारीक हाय. ह्याला पुण्याचा पंप लागंल." मावळची हवा चांगली म्हणून पुण्यामुंबईचे लोक येथे येऊन बंगले बांधतात, आणि माझ्या सायकलीस मात्र पुण्याची हवा हवी! ती माडीवर गेली ती बराच काळ खाली आली नाही.

संगतीने प्रेरणा टिकते, असा दुसरा पक्ष. त्यास अनुसरून गावातील एक निवृत्त मुख्याध्यापक, बँकेतून सुटलेले एक गृहस्थ, एक विमाप्रतिनिधी आणि मी असा व्हॉट्सॲपवर गट स्थापन झाला. शनिवारी रात्री सर्व सभासद दुसऱ्या दिवशीच्या स्वारीस संमतीदर्शक अंगठे वर करीत. पहाटे पाचला मात्र प्रत्येकजण अंथरुणात पडूनच फोनच्या काचेकडे टक लावून असे. हेतू एवढाच की कोणीतरी प्रथम 'आज अंग जरा कसकसते आहे' असे लिहावे आणि आपण त्यास 'प्रकृतीस जपा, पुढच्या रविवारी पाहू' असे औदार्याने कळवावे. परंतु सर्व सभासद सारखेच सभ्य आणि सारखेच धोरणी असल्याने कोणीच लिहीत नसे, आणि उजाडावयाच्या सुमारास, परस्परांच्या मौनाने फसविली गेलेली ती मंडळी गावच्या वेशीवर एकमेकांकडे नाराजीने पाहात उभी असे. अशा निव्वळ भिडेखातर घडलेल्या काही स्वाऱ्या माझ्या खाती जमा आहेत. त्या इंदोरीपर्यंत सुरळीत जात. इंदोरीस सरदार दाभाड्यांच्या अमदानीतला भुईकोट आहे. त्याच्या तटाशी सायकली टेकून 'आता भंडारा डोंगर चढावा की कसे' यावर मसलत होई. या डोंगरावर तुकोबाराय एकांतात चिंतन करीत. अशा स्थळी चौघांनी धापा टाकीत जाऊन एकांताचा भंग करणे धर्मास धरून होईल काय, असा मुद्दा मुख्याध्यापकांनी एकदा उपस्थित केला. तो चर्चेवाचून एकमताने मंजूर झाला आणि मंडळी वडापावाकडे वळली.

तुकोबांचे नाव निघाले म्हणून सांगतो. याच इंद्रायणीच्या काठच्या देहूहून दर ज्येष्ठात त्यांची पालखी पंढरीस निघते. तिच्याबरोबर वर्षानुवर्षे पायी जाणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका आजीबाईंना मी, या प्रश्नाचा शास्त्रोक्त छडा लावावा म्हणून, "आजी, एवढं चालायची प्रेरणा तुम्हांला कुठून मिळते हो?" असे विचारले. त्यांनी हातातली तुळशीची माळ थांबविली, मनाशी काही आठवून पाहिले आणि म्हणाल्या, "प्रेरणा? ती कुनाची रं? आमच्या दिंडीत नाय बाबा तसली कोन पोरगी."

थोरांची चरित्रे वाचावी, असेही सांगतात. मुंबईचे सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे इराण, युरोप, अमेरिका, जपान, चीन असे करीत सुमारे ४४,००० मैलांची रपेट पुरी करून १९२८ च्या मार्चात मुंबईस परतले. हा वृत्तांत मी पहाटेच्या वेळी पांघरुणात वाचीत असे, आणि तो इतका चित्तवेधक आहे की वाचता वाचता सायकल चालविण्याची वेळ टळून जाई. तथापि खरे सांगावयाचे तर मला अधिक आपलेसे वाटतात ते उरलेले तिघे, जे वाटेत निरनिराळ्या कारणांनी मोहिमेतून बाहेर पडले. पृथ्वीप्रदक्षिणेचा विडा उचलणाऱ्यांतही निम्मे असे निघावेत, ही गोष्ट इंदोरीहून परतणाऱ्यास किती दिलासा देते म्हणून सांगू! मुंबई-पुणे सायकल शर्यतीचेही तेच. बोरघाट सर्वांआधी चढून येणाऱ्यास 'घाटाचा राजा' हा किताब देतात, आणि अशा राजांस जुन्या महामार्गावर आमच्या मुलखातून भरधाव जाताना मी सावलीत उभा राहून टाळ्या वाजविल्या आहेत. प्रेरणेचा हा प्रकार प्रकृतीस सर्वांत मानवतो. लोणावळ्यास तर १९२४ सालीच स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून आरोग्यासाठी बसल्या जागचीही सोय करून ठेवली आहे. परंतु आमचे डॉक्टर सायकलीवर अडून बसले.

या सर्व उपायांतून एखादवेळी प्रेरणा खरोखरच निर्माण झाली, तरी तिची गाठ पश्चिमेच्या वाऱ्याशी असते. वराळ्याहून लोणावळा अदमासे तीस-बत्तीस किलोमीटर, आणि पावसाळ्यात घाटमाथ्यावरून जो वारा आत शिरतो तो वडगाव-कामशेतच्या रस्त्याने सरळ समोरून येतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सायकलस्वाराने दुप्पट उत्साह दाखविला तर त्यास चौपट शिक्षा होते, असा निसर्गाच्या दंडसंहितेचा नियम आहे. परतताना तोच वारा पाठीशी येतो, पायडल न मारता सायकल धावू लागते, आणि स्वाराच्या मनात असा विचार दृढ होतो की आपल्या प्रकृतीत दिवसेंदिवस लक्षणीय सुधारणा होत आहे. तोंडावरच्या वाऱ्याची तक्रार करणारे मी शेकडो पाहिले. पाठीवरच्या वाऱ्यास श्रेय देणारा एकही नाही.

या मुलखात मोहिमा अर्ध्यावर फिरण्याची परंपरा जुनी आहे. १७७९ च्या जानेवारीत मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावांस पुण्याच्या कारभारावर बसविण्यासाठी बोरघाट चढून आली. बरोबर तोफा, बैल, बाजारबुणगे यांचा अफाट पसारा. तळेगावास पोचून पाहते तो मराठ्यांनी गाव ओस पाडलेला, दाणावैरण जाळलेली. पुणे पुढे जवळच होते. तरीही फौज रातोरात माघारी वळली, जड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटून दिल्या, आणि वडगावी कोंडली जाऊन तिला मराठ्यांशी तह करावा लागला. इतिहासकार याला नामुष्की म्हणतात. सायकलस्वार या नात्याने माझे मत थोडे निराळे आहे. पोटात अन्न नसताना पुढे जाऊ नये आणि परतीच्या वाटेवर जड सामान जवळ बाळगू नये, ही दोन तत्त्वे त्या फौजेने बिनचूक ओळखली होती. तिची चूक झाली ती एवढीच की वडगावी थांबल्यावर तिने काही खाल्ले नाही. मी पश्चिमेकडे निघालो की माझीही मोहीम बहुधा त्याच वडगावी कोंडली जाते, आणि तेथे कांदाभज्यांच्या ताटलीसमोर बसून मी वाऱ्याशी तहाची कलमे ठरवितो: लोणावळ्यावरील हक्क मी बिनशर्त सोडून द्यावा आणि वाऱ्याने मला सुखरूप वराळ्यास पोचवावे.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर या उपक्रमातील मूळ विसंगतीकडेही लक्ष वेधले पाहिजे. एस. एस. विल्सन नावाच्या ऑक्सफर्डच्या विद्वानाने १९७३ साली असे दाखवून दिले की सायकलीवरचा माणूस हा सर्व प्राण्यांत व यंत्रांत सर्वांत काटकसरी प्रवासी होय; पायी चालणाऱ्यास जेवढी शक्ती लागते तिच्या सुमारे पंचमांशात तो तेवढेच अंतर कापतो. जगभरच्या सायकलप्रेमींनी या सिद्धांताचा जयजयकार केला. परंतु ज्यास शक्ती वाचवावयाची नसून खर्चावयाची आहे, ज्यास डॉक्टरांनी साठा कमी करण्याची ताकीद दिली आहे, त्यास पृथ्वीतलावरील सर्वांत काटकसरी वाहनावर बसविणे म्हणजे खर्च करावयाच्या सरकारी रकमेवर कंजूस खजिनदार नेमण्यापैकी आहे. मार्चअखेर रक्कम पडूनच राहावयाची! एका वडापावाचा हिशेब बेबाक करावयास सायकल दहा-बारा किलोमीटर हाकावी लागते, आणि दहा-बारा किलोमीटर सायकल हाकल्यावर जी भूक लागते ती एका वडापावाने भागत नाही. त्यात आमच्याकडील भात इंद्रायणीचा. आंबेमोहोराचा वास आणि नव्या जातीचे उत्पन्न यांचा संकर करून हा तांदूळ वडगाव मावळच्याच भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिला. तो शिजू लागला म्हणजे त्याचा सुवास पार रस्त्यापर्यंत येतो, आणि व्यायाम करून आलेल्या मनुष्यास वाढताना घरची माणसे हात आखडता घेत नाहीत. सायकलीच्या दिवसांत माझे वजन वाढले याचे डॉक्टरांस आश्चर्य वाटले. मला वाटले नाही.

अखेर उपाय निघाला तो घरातूनच, आणि तो कोणी उपाय म्हणून काढलेलाही नव्हता. झाले असे की ऐन सणाच्या तोंडावर आमची स्कूटर बंद पडली आणि दळण संपले. गुरुवारी वीज जाते हे गिरणीवाल्यापासून लहान पोरांपर्यंत सर्वांस ठाऊक. म्हणजे बुधवारी संध्याकाळच्या आत पीठ घरात आलेच पाहिजे. माडीवरच्या सायकलीस कॅरिअर नाही. तेव्हा सौभाग्यवतींनी गोठ्यात उभी असलेली माझ्या वडिलांची काळी, चोवीस इंची सायकल बाहेर काढविली. तिला दुहेरी स्टँड, रुंद कॅरिअर, पुऱ्या लांबीची मडगार्डे, चेनकव्हर, डायनामो आणि अर्ध्या गावास ऐकू जाईल अशी घंटी. पंक्चरवाल्याने चाकाचा आऊट काढला, चेनीस तेल दिले, साध्या पंपाने दोन्ही चाकांत मावळची हवा भरली आणि "आत्ता कशी सायकल वाटती!" असा दाखला दिला. सौभाग्यवती प्रकृतीविषयी, साखरेविषयी, निश्चयाविषयी किंवा पारशी तरुणांविषयी एक अक्षर बोलल्या नाहीत. "गिरणी सातला बंद होते," एवढेच म्हणाल्या.

यातील मौज अशी की 'दळण आणा' हा हुकूम देहाच्या कचेरीत दाखलच होत नाही. तो परस्पर येतो. डोळे, गुडघे, पाठ यांपैकी कोणत्याच खात्याकडे तो अभिप्रायार्थ जात नाही, त्यास मुदतवाढ नाही, त्यावर अपील नाही. ज्या पोटाने इतके दिवस प्रत्येक दरखास्त तहकूब केली तेच पोट या बाबतीत हितसंबंधी पक्षकार असल्याने मुकाट्याने सही करते. दळणामागून दूध आले, दुधामागून औषधे, औषधांमागून नातवाच्या शाळेचे पुठ्ठे. मग गावाने ही गोष्ट हेरली. मी महसुलातला जुना माणूस, वडगावच्या तहसील कचेरीतील कोणता कागद कोणत्या टेबलावर आजारी पडतो हे मला पाठ. त्यात आता सायकल. "काका, तुम्ही वडगावला निघालाच आहात तर एवढा सातबारा…", "तेवढी फेरफाराची नक्कल…", "वारसाच्या अर्जाचं काय झालं, नुसतं विचारून या…" अशा विनंत्या रोज सकाळी चहाच्या आत फाटकाशी रुजू होऊ लागल्या. निघालाच आहात तर! मी कोठेही निघालेलो नसतो, हे सांगण्यास कोणी अवसर देत नाही. ज्या कचेरीत मी लोकांस 'उद्या या' असे सांगण्यात उमेदीची वर्षे घालविली, त्याच कचेरीत आज मला उद्या बोलावतात आणि मी उद्याही सायकलीवरून जातो.

या दैनंदिन दर्शनामुळे पंचक्रोशीत माझी गणना प्रेरणास्थानांत होऊ लागली आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली ३ जून हा जागतिक सायकल दिन मुक्रर केला. त्यानिमित्त एका मंडळाने 'सायकल आणि इच्छाशक्ती' या विषयावर दोन शब्द बोलण्याकरिता मला निमंत्रण धाडले. जाण्याची फार इच्छा होती. परंतु पावसाच्या तोंडावर घरातल्या व शेजारच्या सर्व छत्र्या दुरुस्तीस नेऊन टाकावयाच्या होत्या, आणि त्या मंडळाचे सभागृह नेमके उलट दिशेस पडले.

मुख्याध्यापकांच्या सायकलीने मात्र बरेच दिवस माडी सोडलेली नव्हती. परवा ते ती घेऊन, शिरस्त्राणासह, आमच्या फाटकाशी आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "इतक्या नेमाने कसे काय जमते हो तुम्हांला? काही मंत्र असेल तर सांगा." मी उत्तराची जुळवाजुळव करीत आहे तोच सौभाग्यवती दोन पिशव्या घेऊन बाहेर आल्या. "बरे झाले गुरुजी भेटलात. तुम्ही स्टेशनाकडे निघालाच आहात तर…" गुरुजींनी आयुष्यात कधी भरल्या हातास नकार दिलेला नाही. त्यांनी यादी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. त्यांच्या सायकलीस कॅरिअर नव्हते, स्टँड नव्हता आणि तेलाचा डबा हँडलला टांगणे धोक्याचे होते. सबब अर्धा किलो शेंगदाणे, जिरे आणि चित्रकलेची एक वही एवढ्यावरच तूर्त भागविण्यात आले, आणि उरलेली यादी कॅरिअर बसवून घेईपर्यंत त्यांच्याच नावे प्रलंबित ठेवण्यात आली.